पगार दुसरीकडचा, गोष्ट आपली

मराठी कथा-कादंबरीच्या इतिहासात एक गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे फारसे कुणाचे लक्षच जात नाही. ज्यांनी हा वाङ्मयप्रकार उभा केला, त्यांच्यातल्या बहुतेकांची चूल त्यावर पेटत नव्हती. हरि नारायण आपटे आनंदाश्रमाचा कारभार पाहत. चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत आणि संस्थानचे दफ्तर सांभाळत. दिवाकर कृष्ण हैदराबादला वकिली करत, वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. श्री. ना. पेंडसे ‘बेस्ट’मध्ये, व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राच्या वर्गावर, अरविंद गोखले शेतकी कॉलेजात. यादी हवी तेवढी लांबवता येईल. याचे नेहमीचे स्पष्टीकरण हिशेबाचे असते: वाचक थोडे, आवृत्ती लहान, मानधन नावापुरते, मग लेखकाने नोकरी करू नये तर काय करावे? ते खरेच आहे. पण त्यातून एवढेच कळते की या मंडळींनी नोकरी का केली. नोकरी करून, संसार ओढून, वर आणखी हा उपद्व्याप कशासाठी केला, हे त्यातून कळत नाही. पैशाचे कारण वजा केल्यावर प्रत्येकाचे जे खासगी कारण उरते, त्याचा माग काढला पाहिजे. माझे म्हणणे असे की त्या कारणांत एक समान धागा आहे. पदाने, घराने, प्रतिष्ठेने प्रत्येकाला बोलायची एकच जागा नेमून दिली होती. त्या जागेवरून जे बोलता येत नव्हते, ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायची सोय गोष्टीत होती, आणि ही सोयच हौसेचे खरे मूळ होती.

याचा पुरावा लेखकांच्या प्रस्तावनांत शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. एकोणिसाव्या शतकात ‘लिहावेसे वाटले म्हणून लिहिले’ असे छापणे शिष्टसंमत नव्हते. पुस्तकांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी असो की सरकारी शिक्षणखाते, आश्रयदात्याला पुस्तकाचा उपयोग दिसावा लागे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 मध्ये आले ते विधवांची दैना दाखवायला आणि जाता जाता ख्रिस्ती धर्माकडे बोट दाखवायला. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, सद्गुणाचा जय दाखवणारी. असा उद्देशाचा शिक्का मारल्याशिवाय कल्पित गोष्टीला घरात प्रवेश नव्हता. तरी रामचंद्र भिकाजी गुंजीकरांसारख्या माणसाचे काय करायचे? शिक्षणखात्यातले गृहस्थ, भाषा आणि व्याकरण हा जिव्हाळ्याचा विषय, 1867 पासून ‘विविधज्ञानविस्तारा’च्या संपादनाचा व्याप. या माणसाने 1871 मध्ये ‘मोचनगड’ नावाची शिवकाळातल्या गडाची गोष्ट लिहायला घ्यावी, हे व्याकरणाच्या वाटेने जाणाऱ्याला सुचण्यासारखे नाही. सरकारी चाकरीत राहून स्वराज्यावर निबंध लिहिणे अडचणीचे होते, शिवाजीच्या काळातल्या मावळ्यांची गोष्ट लिहिणे चालून जात होते. हे अनुमान आहे, मान्य. पण ऐतिहासिक कादंबरीने मराठीत पुढे जी मुळे धरली, ती पाहता ते अगदी हवेतले वाटत नाही.

आपट्यांच्या बाबतीत अनुमानाची गरज कमी पडते. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी 1888 मध्ये पुण्यात आनंदाश्रम काढला, तो संस्कृत पोथ्या जमवून, शुद्ध करून छापण्यासाठी. पुतण्याचा दिवस त्या पोथ्यांत जाई. त्याच माणसाने 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमाने छापायला सुरुवात केली. काळ संमतिवयाच्या वादाचा. आगरकरांचा ‘सुधारक’ निघून दोन वर्षे झालेली, बालविवाह आणि केशवपन यांवर निबंधांचा पाऊस पडत होता. आपट्यांना सुधारणेचा पक्ष मांडायचा असता तर निबंधाची वाट मोकळी होती, आणि ती त्यांना येतही होती. त्यांनी निवडली यमू. ती ‘मी’ म्हणून बोलते: पोरवय, सासर, नवऱ्याचा लळा, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेले केशवपन, सारे तिच्याच तोंडून. पंचविशी ओलांडलेला, पोथ्यांचे प्रकाशन सांभाळणारा पुणेरी ब्राह्मण पुरुष आठवड्यामागून आठवडे एका मुलीच्या आवाजात लिहितो आहे, स्वयंपाकघरातली कुजबुज आणि माजघरातले टोमणे टिपतो आहे, याला केवळ प्रचाराची युक्ती म्हणणे मला पटत नाही. प्रचाराला एवढा तपशील लागत नाही. यमूच्या तपशिलात लेखकाची गुंतलेली जिज्ञासा दिसते. ज्या आयुष्यात पुरुष म्हणून त्याला पाऊल टाकता येत नव्हते, त्यात तो गोष्टीच्या दाराने शिरला. आपट्यांच्या कित्येक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हेही याच संदर्भात पाहावे. साप्ताहिकाची घाई, नगरपालिकेचे काम, आनंदाश्रम, ही कारणे खरीच. पण उद्देशासाठी लिहिणारा निदान उद्देश तरी तडीस नेतो. नवे पात्र डोक्यात आले की जुने अर्ध्यावर सोडणारा लेखक स्वतःच्या ओढीने लिहीत असतो.

आपट्यांच्या स्नेही काशीबाई कानिटकर लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि ‘रंगराव’ कादंबरीपर्यंत पोचल्या. बाईने लिहिणे हेच त्या काळी धाडस होते, त्यामुळे त्यांच्या हौसेला मोकळीक म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण हा धागा सगळ्यात ठळक दिसतो तो 1933 मध्ये. त्या वर्षी ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रकाशित केले. लेखिका विभावरी शिरूरकर, आणि या नावाची बाई कुणालाच ठाऊक नव्हती. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुली. त्यांच्या कमाईवर चालणारी घरे, त्यांची शारीरिक आणि मानसिक कोंडी. पुस्तकाने खळबळ उडवली आणि लेखक बाई की पुरुष इथपासून तर्क सुरू झाले. नावामागे होत्या बाळूताई खरे, घोडनदी-शिरूरच्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. स्वतःच्या नावाने हे लिहिले असते तर दुसऱ्या दिवशी वर्गावर उभे राहणे कठीण झाले असते. टोपणनाव इथे मिरवण्यासाठी नव्हते, ती नोकरीची राखण होती. मासल्यादाखल याच लेखिकेचे पुढचे एक काम जवळून पाहण्याजोगे आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून काम केले. ‘गुन्हेगार जमाती’ असा कायद्याने शिक्का मारलेल्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याची ती जागा. हजेरी, परवाने, शिस्त, सुधारणा, या सगळ्याची नोंद ठेवणारी सरकारी बाजू त्यांनी आतून पाहिली. पण ‘बळी’ ही कादंबरी आली 1950 मध्ये, आणि ती कुंपणाच्या आतल्या माणसांच्या अंगाने लिहिलेली आहे. अधिकाऱ्याच्या अहवालात जे मावत नाही, किंबहुना जे लिहिणे त्याच्या कामात बसतच नाही, ते सगळे त्यांनी या कादंबरीत घातले. कायदा रद्द झाला 1952 मध्ये, म्हणजे कादंबरी आली तेव्हा हा विषय अजून इतिहासजमा व्हायचा होता.

ओढ असली तरी तिला छापील जागा लागते, आणि ती जागा मासिकांनी दिली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केले आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. हौशी लेखकांच्या दृष्टीने या एका प्रथेचे मोल अफाट आहे. वर्षभर कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्याला वर्षातून एक-दोन कथा जमल्या तरी पुरे. दिवाळीला त्या छापल्या जाणार, घरोघर फराळाबरोबर वाचल्या जाणार. लघुकथेची लांबी आणि रविवारची सुट्टी यांचे मराठीत जे सूत जुळले, त्यात दिवाळी अंकाचा वाटा मोठा. आणखी गंमत किर्लोस्करवाडीची. नांगर बनवणाऱ्या कारखान्याने 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते मुळात कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हातात ते वाढत जाऊन घराघरातले मासिक झाले, आणि पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’, 1934 मध्ये ‘मनोहर’ अशी त्याला भावंडे झाली. लोखंडाच्या ओतकामातून मराठी कथेची एक पेठ उभी राहावी, हे ठरवून झाले नसते. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून या हौशी मंडळींच्या हाती तंत्राचे पुस्तकच ठेवले. गोष्ट लिहिणे शिकता येते, दैवी प्रसादाची वाट पाहत बसायला नको, हा त्यातला दिलासा कित्येक कारकुनांना आणि मास्तरांना पुरला असणार. त्या पुस्तकाची पुढे भरपूर टिंगल झाली, काही अंशी योग्यच. पण टिंगल करणाऱ्यांतले अनेकजण ते वाचूनच लिहायला बसले असतील. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात कथा उतरवायची, सोबत परतीचे तिकीट जोडायचे, आणि ‘साभार परत’ची चिठ्ठी आली की दुसऱ्या मासिकाचा पत्ता घालायचा: हा व्यवहार बराच काळ चालला. त्यात पैशाच्या लोभाने टिकून राहणारा माणूस वेडाच म्हटला पाहिजे, कारण लोभाला पुरेल इतके त्यात नव्हतेच.

नोकरदार लेखकांच्या विषयांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दिवसभर जे करत त्यावर त्यांनी क्वचितच लिहिले. पेंडसे लहानपणीच दापोली तालुक्यातले मुर्डी सोडून मुंबईला आले आणि ट्रामबसच्या कारभारात त्यांचे नोकरीचे दिवस गेले. ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’ या पहिल्या कादंबऱ्या मात्र एकापाठोपाठ कोकणातल्या. ‘बेस्ट’चा इतिहासही त्यांनी लिहिला, पण तो इतिहास म्हणून. कल्पनेला लागणारी जमीन त्यांनी दहा-अकराव्या वर्षी सुटलेल्या गावात शोधली. चिं. वि. जोशी बौद्ध वाङ्मयाचे व्यासंगी होते. त्यांचा चिमणराव त्या व्यासंगाच्या पार दुसऱ्या टोकाला, संसाराच्या फजितीत सुखाने अडकलेला. नाथ माधवांचे उदाहरण तर जवळजवळ क्रूर म्हणावे असे आहे. द्वारकानाथ माधवराव पितळे ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कायमचे अंथरुणाला खिळले. तिथून पुढे त्यांनी जे लिहिले त्यात ‘वीरधवल’ आहे, ‘सोनेरी टोळी’ आहे, समुद्रावरचा ‘सावळ्या तांडेल’ आहे. पडून असलेल्या माणसाचे नायक सतत फिरते आहेत. याला मनाची भरपाई म्हणून कुणी हलके लेखू नये. भरपाई म्हणून सुरू झालेल्या गोष्टींनी पुढे वाचकांच्या दोन पिढ्या रात्री जागवल्या.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की पोटासाठी लिहिणारेही मराठीत होतेच. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एवढे लिखाण हौसेत बसत नाही. माझा मुद्दा असा नाही की पैसे घेऊन लिहिणाऱ्याला खासगी कारण नसते, किंवा त्याची गोष्ट कमी प्रतीची होते. अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांना जी वाचकांची माया मिळाली ती अनेक गंभीर लेखकांना हेवा वाटावा अशी आहे. फरक एवढाच की व्यावसायिकाच्या बाबतीत कारणे एकमेकांत मिसळलेली असतात आणि वेगळी काढता येत नाहीत. हौशी लेखकाच्या बाबतीत पैशाचे कारण आपोआप गळून पडते. दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे: पैसा नसेल, पण नावाची भूक? छापील नाव पाहण्याची असोशी हेच या सगळ्याचे साधे कारण का नसावे? पुष्कळांच्या बाबतीत ते असेल. दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका चाळल्या तर एकदाच छापून नाहीशी झालेली नावे ढिगाने सापडतात. पण नावाची भूक हेच मूळ कारण असते तर ज्यांनी नाव टाळले त्यांचा अर्थ लागत नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-समारंभांपासून दूर राहिले आणि ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. विभावरी शिरूरकरांना तर नाव कळणे म्हणजेच संकट होते.

आणि मग 1974 मधली जयंत नारळीकरांची गोष्ट आहे. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, पद्मभूषण मिळून जवळजवळ दशक लोटले होते, आणि विज्ञानाच्या जगात त्यांना ओळख करून देण्याची गरज नव्हती. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने: स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून तयार केलेले नाव. हस्ताक्षर ओळखीचे निघू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात उतरवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. या बंदोबस्तातच कारण वाचता येते. त्यांना कीर्ती हवी असती तर स्वतःचे नाव पुरेसे होते. उलट ते नावच अडचण होते, कारण परीक्षकांनी कथेऐवजी शास्त्रज्ञाला मार्क दिले असते. शिवाय शोधनिबंधात प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. कृष्णविवराच्या जवळ गेलेल्या माणसाला काळ कसा भासेल, त्याच्या मागे राहिलेल्यांचे काय होईल, हे निबंधाने विचारायचे नसते. जगताप नावाच्या कुणा अज्ञात गृहस्थाला ते विचारता येते. पुढे ‘यक्षांची देणगी’ वगैरे पुस्तके त्यांनी स्वतःच्या नावाने काढली, साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. पण सुरुवात झाली ती आपण दुसरेच कुणी आहोत असे समजून.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण तो माझ्या उदाहरणांवरच बोट ठेवतो. वरच्या यादीतली नावे पाहा: प्राध्यापक, वकील, मास्तर, अधिकारी, आणि जवळपास सगळे पांढरपेशे, बहुतेक ब्राह्मण. पोटाची सोय झाल्यावर संध्याकाळी टेबलाशी बसायला मिळते, तेव्हाच हौस ही गोष्ट संभवते. ज्याला बसायला टेबल नाही, रात्रपाळी आहे, खोली मिळवायची तर आडनाव लपवावे लागते, त्याच्या खासगी कारणांचे काय? हा आक्षेप अर्धा मान्यच करावा लागतो. फुरसत आणि अक्षरे या दोन्ही वस्तू जातीच्या उतरंडीप्रमाणे वाटल्या गेल्या होत्या, आणि मराठी कथेचे पहिले शतक त्या वाटपाचे अपत्य आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहून ‘फकिरा’ लिहिली, तिला हौस म्हणणे थट्टा होईल. बाबूराव बागुलांनीही मिळेल ते कष्टाचे काम करत लिहिले.

तरी बागुलांच्या 1963 च्या संग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे, आणि त्या शीर्षकाच्या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीवर परगावी आलेला, जात लपवून राहणारा आहे. म्हणजे दुसऱ्या नावाखाली वावरणे इथेही आहेच, फक्त त्याची किंमत बदलली. नारळीकरांना ओळख लपवणे हा मजेचा भाग होता आणि उघड झाल्यावर कौतुकच व्हायचे होते. बाळूताई खऱ्यांच्या बाबतीत उघड होणे म्हणजे नोकरी आणि अब्रू. बागुलांच्या नायकाला जात उघड होताच मार पडतो. लेखकाला जी मोकळीक गोष्ट देते, तिच्यावर कथाच इथे उलटून प्रश्न विचारते. पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ 1980 मध्ये आला, तेव्हा या लेखकांना दुसऱ्याच्या आडून बोलण्यापेक्षा स्वतःचे नाव घेऊन बोलणे महत्त्वाचे वाटू लागले होते. आजवर नाव लपवायला लागलेल्यांना आत्मकथन जवळचे वाटावे यात नवल नाही, आणि कल्पित गोष्टीच्या सोयीविषयी मी जे म्हणतो आहे त्याची मर्यादाही इथेच दिसते. बागूल मात्र कथेतच राहिले. 1969 मध्ये ‘मरण स्वस्त होत आहे’ आणि 1970 मध्ये ‘सूड’. सांगण्यासारखे स्वतःचे आयुष्य हाताशी असताना त्यांनी ‘सूड’साठी निवडली ती जानकी, वेश्येची मुलगी.